पुलावरचं गाणं

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा मामाच म्हणतात, आणि त्यामुळे मी आपोआप जगाची मामी होऊन बसले आहे. परवा औषधाच्या दुकानात एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी "मामी, आधी तुम्ही घ्या," म्हणून मला रांगेत पुढे सोडलं. मामी होण्याचा आजवर झालेला फायदा तो एवढाच.

ह्यांची शिकवायची गाडी लहान आणि पांढरी आहे. छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, मागच्या काचेवर 'शिकाऊ' असं लाल अक्षरात. शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे क्लच आणि ब्रेक ह्यांच्याही पायाशी बसवलेले आहेत. शिकणारा गडबडला की हे दाबतात. इतकी वर्षं दाबून दाबून पायाला अशी खोड लागली आहे की टीव्हीवर कुणी गाडी जोरात हाणली तरी ह्यांचा उजवा पाय चटईत रुततो. बसने कुठे निघालो की पुढच्या बाकाला लाथ बसते. मी आता बसमध्ये चढल्याबरोबर पुढच्या माणसाची माफी मागून ठेवते, म्हणजे नंतर घोळ नको.

तर ह्या गाडीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत शास्त्रीय गाणं लागतं.

माझं त्याबद्दलचं मत लग्नापासून ठाम होतं. मी घरी पडदे शिवते, मशीनच्या आवाजावर ऐकू येईल असं ठसठशीत गाणं मला लागतं. ह्यांच्या गाण्यात एक बाई आऽ करते, थांबते, पुन्हा तिथूनच आऽ करते, आणि आपण शब्दाची वाट बघत बसतो. शब्द येतो तोही अर्धाच. "दाढ दुखते का हो तिची?" असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्या गाण्याचं नाव दाढदुखी. हे त्यावर रागावले नाहीत. हा माणूस रागावतच नाही, हाच माझ्या संसारातला मोठा ताप आहे. एकटीने किती भांडणार?

ह्यांना गाण्याचं वेड आईवडिलांकडून वगैरे मिळालेलं नाही. ह्यांच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, गळा फक्त हाका मारायला वापरत. हे स्कूलमध्ये लागले तेव्हा आधीच्या शिक्षकाने सोडलेली गाडी ह्यांच्या वाट्याला आली, आणि तिच्या पुढच्या खणात बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट होत्या. उन्हाने त्यांच्यावरची अक्षरं उडून गेली होती. सगळ्यांतून एकाच बाईचा आवाज येत होता. ह्यांनी त्या लावल्या, कारण दुसरं लावायला काही नव्हतं. पुढे मग दुसरं लावावंसंच वाटेना. बाईंचं नावही ह्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. सलूनमध्ये दाढी करायला बसले होते, तिथल्या रेडिओवर तोच आवाज लागला, शेवटी निवेदकाने नाव सांगितलं. हे अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मला सांगायला घरी आले. मला वाटलं, कुणी गेलं.

गायिकेचं नाव कळलं, पण गाण्यांची नावं कशी कळणार? म्हणून ह्यांनी आपल्या सोयीने ठेवली. जे गाणं ज्या रस्त्यावर लागायचं त्या रस्त्याचं नाव त्या गाण्याला. मंडईचं गाणं, फाटकावरचं गाणं, रिव्हर्सचं गाणं. आणि सगळ्यांत लाडकं, पुलावरचं गाणं. पुढे कॅसेट वाजेनाशा झाल्या तेव्हा आमच्या लेकीने ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून एका इवल्याशा पेनड्राइव्हवर घालून दिलं. "बाबा, ह्या फाइलला नाव काय देऊ?" असं ती विचारायची, आणि हे डोळे मिटून, दोन क्षण ऐकून म्हणायचे, "फाटक."

ह्यात थट्टा नव्हती. ह्यांची शिकवायची पद्धतच त्या गाण्यांवर उभी आहे. नवा माणूस गाडीत बसला की पहिल्यांदा घाई करतो. क्लच सोडतो तो दणकन, आणि गाडी आचके देऊन बंद पडते. हे त्याला काही सांगत नाहीत. हाताचा पंजा पालथा धरून हळूहळू वर उचलून दाखवतात, तेवढंच. गाणं चालू असतं, आणि गाण्यातल्या बाईंना कसलीच घाई नसते. पुलावरच्या गाण्यात तर त्या कितीतरी वेळ खालीच फिरत राहतात. वरचा सूर दिसत असतो, त्या तिथे जाणार हे माझ्यासारखीलाही कळतं, पण त्या जात नाहीत. एकेक पायरी चाचपतात, मागे येतात, पुन्हा निघतात. आणि कधीतरी अलगद वर जाऊन उभ्या राहतात. हाफ क्लच ह्याहून चांगला कुणी शिकवू शकत नाही, असं ह्यांचं म्हणणं.

गाडीत बसणाऱ्यांचं म्हणणं अर्थातच वेगळं असे. गाणं ऐकून झोप येईल, ही पहिली तक्रार. त्यावर हे म्हणत, "माझ्या गाडीत आजवर कुणी झोपलेलं नाही. झोपलं असतं तर मी तुम्हाला शिकवायला उरलो नसतो." दुसरी तक्रार, हे सगळं फार संथ. मग मंडईत गाडी शिरली की हे मंडईचं गाणं लावत. त्यात तबला असा सुटतो आणि बाई त्याच्यापुढे अशा पळतात की हातगाड्या, टोपल्या, मधेच आडवी आलेली म्हातारी, सगळं चुकवताना शिकणाऱ्याची झोप कुठल्या कुठे जाते. ही तीच बाई का, असं जवळजवळ प्रत्येकाने विचारलेलं आहे. आणि गायक मंडळी फार गंभीर असतात असं ज्यांना वाटे त्यांच्यासाठी रिव्हर्सचं गाणं होतं. त्यात बाई गाता गाता मधेच हसतात. कशाला हसल्या देव जाणे, तबलजीने काहीतरी खोडी काढली असावी. पण ते हसू नेमकं शिकणाऱ्याने गाडी मागच्या झुडपात घातली की यायचं. दोन-चार जणांनी ते मनाला लावून घेतलं होतं.

मीही ह्याच गाडीत शिकले. नवऱ्याकडून गाडी शिकू नये असं सगळ्या मैत्रिणींनी सांगितलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. स्टेशनमागचा पूल चढताना ऐन चढावर सिग्नल आहे. तो तिथे बसवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. त्या चढावर माझी गाडी बंद पडली, मागे सरकायला लागली, मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला, माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि गाडीत दाढदुखी सुरू. मी ओरडले, आधी ते बंद करा. हे म्हणाले, "बाई घाई करत नाहीत, तू कशाला करतेस?" आणि पंजा हळूहळू वर. मी दातओठ खात पाय उचलला. गाडी थरथरली, थबकली आणि चढली. मी त्याचं श्रेय हँडब्रेकला दिलं, बाईंना नाही.

मग एका वर्षी बँकेतल्या मॅडम शिकायला आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, करड्या रंगाचे आखूड केस, बोलणं मोजून. त्यांचीही गाडी पुलावर बंद पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूलच्या मालकांना सांगितलं की त्या रडगाण्याने मला गुंगी येते, मामांना ते बंद ठेवायला सांगा. मालकांनी ह्यांना सांगितलं, हसत हसतच सांगितलं, पण सांगितलं. ह्यांनी "बरं" म्हटलं. त्यानंतर मॅडमच्या तासाला गाडीत फक्त इंजिन वाजलं. मॅडम पास झाल्या, गेल्या.

ह्यांनी घरी येऊन एवढंच म्हटलं की त्यांना नाही आवडलं. जेवताना दोनदा मीठ मागितलं, ते ताटातच होतं. मला त्या बाईचा असा राग आला की विचारू नका. दाढदुखी म्हणायचा हक्क माझा आहे. मी ह्या माणसाबरोबर जन्म काढते आहे. ही कोण कालची आलेली रडगाणं म्हणणारी?

आता मुख्य गोष्ट. आमची लेक इस्पितळात एक्स-रे काढायच्या विभागात आहे. एका संध्याकाळी ती दोन तिकिटं घेऊन आली. ह्यांच्या बाई आमच्या टाउन हॉलमध्ये गाणार होत्या. रविवारी सकाळी. आता त्यांना प्रवास झेपत नाही, ह्यापुढे बाहेरगावी गाणार नाहीत, असं लेक ऐकून आली होती. हे वेडेच होतील आनंदाने, असं आम्हा दोघींना वाटलं.

ह्यांनी तिकिटं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवली. "तुम्ही दोघी जाऊन या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं की रविवारी सकाळी ह्यांनी मुद्दाम एक तास लावून घेतला आहे. रविवारी हा माणूस कधी नखसुद्धा कापत नाही.

मी मशीन बंद केलं आणि समोर जाऊन बसले. एवढी वर्षं जिचं गाणं आमच्या डोक्यावर वाजवलंत ती बाई पुलापलीकडच्या हॉलमध्ये येते आहे, आणि तुम्ही कुणाला तरी गिअर शिकवणार? ह्यांनी घड्याळामागची तिकिटं आणखी आत सारली. मग म्हणाले, "अगं, मला कुठे त्यातलं कळतं."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. पण ते तसंच होतं. आमच्या लग्नाआधी, स्कूलमध्ये लागून थोडेच दिवस झालेले असताना, हे एकदा गाण्याला गेले होते. लवकर पोचले म्हणून पहिल्या रांगेत बसायला मिळालं. गाणं रंगलं. ह्यांना ते इतकं आवडलं की शेजारच्या गृहस्थांना विचारलं, ह्याला काय म्हणतात? त्या गृहस्थांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी एकच डोळा उघडला आणि म्हणाले, "कळत नसेल तर पुढे कशाला बसलात?" हे तसेच गाणं अर्धं टाकून उठले. सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर पडले. त्यानंतर कधी कुठल्या गाण्याला गेले नाहीत.

"गाडीत बरं असतं," हे म्हणाले. "गाडीत कुणी विचारत नाही."

इतक्या वर्षांत ह्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हे गाण्याला जात नाहीत कारण ह्यांना गाडी सोडवत नाही. आणि इकडे एका माणसाचा एक डोळा ह्यांच्या मनात ठाण मांडून बसला होता. त्या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही, बहुधा आता ते नसतीलही, पण त्या दिवशी ते समोर असते तर माझ्या हातात पडद्याचा दांडा होता. मला ह्यांची दया आली आणि रागही आला, आणि माझ्याकडे दया नेहमी रागाच्याच आवाजात येते. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही येऊ नका. मी एकटी जाईन, पहिल्या रांगेत बसेन, आणि गाणं झालं की बाईंना विचारेन, आता दाढ कशी आहे.

ह्यांचा चेहरा उतरला. मी तसं करू शकते हे ह्यांना ठाऊक आहे. रविवारचा तास रद्द झाला.

मालकांनी गाडी न्यायला परवानगी दिली. ह्यांनी ती टाउन हॉलच्या आवारात अगदी टोकाला, तोंड फाटकाकडे करून लावली. निघायला सोपं जातं म्हणाले. हॉलमध्ये शिरल्यावर शेवटच्या रांगेतली दाराला लागून असलेली खुर्ची पकडली. मी शेजारी. लोक येत होते, एकमेकांना ओळखत होते, मागे वळून हसत होते. हे मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि उजवा पाय पुढच्या खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर दाबून धरला होता. मी पुढच्या माणसाची माफी मागितली.

बाई आल्या. दोन बाजूंनी दोघांनी धरून आणल्या. एवढ्याशा होत्या. मी इतकी वर्षं आवाजावरून चांगली धिप्पाड बाई मनात धरून चालले होते. तंबोरे लागले आणि त्यांनी सुरू केलं, आणि माझ्या लक्षात आलं की हे ओळखीचं नाही. ह्यांनाही ते कळलं. थोड्या वेळाने माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हा रस्ता आपला नाही." आजूबाजूला सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना हलत होत्या. हे त्या माना बघत होते. प्रत्येक मान आपली परीक्षा घ्यायला आली आहे, असा चेहरा. मी म्हणाल तर खुशाल डुलकी काढली. हॉल थंड होता, खुर्ची मऊ होती, आणि आवाज असा काही एका लयीत फिरत होता की महिनाभराचे पडदे माझ्या खांद्यांवरून उतरले. जाग आली ती टाळ्यांनी. हे माझं कोपर धरून म्हणत होते, "चल, आता थांबल्यात, आता निघू."

मी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम होता. मला त्या क्षणी लख्ख कळलं की हा माणूस आता इथून उठला तर नुसता हॉलमधून उठणार नाही. उद्या गाडीतही गाणं लावताना ह्याला वाटेल की हे आपलं नाही, आपण आपले बाहेर उभं राहून चोरून ऐकतो. ह्यांचं सगळं सुख त्या एका पांढऱ्या गाडीत होतं, आणि तेही जाईल. पण ओढून बसवायला हे काही लहान मूल नाही. मीही पर्स उचलली.

तिकडे बाई पाणी प्यायल्या. माइकमध्ये म्हणाल्या, "गुडघे म्हणतात मध्यंतर करा, गळा म्हणतो थोडं राहिलंय. गुडघ्यांचं नंतर बघू." लोक हसले. रिव्हर्सच्या गाण्यातलं तेच हसू बाईंनाही आलं. हे अर्धे उठले होते. बाईंनी सूर लावला.

आवाज जुना झाला होता, कडेला थोडा फाटला होता. खालीच होता. एकदा गेला, मागे आला. पुन्हा निघाला. आणि मला वाटलं, माझ्या डाव्या पायात गोळा येतोय. खाली पाहिलं तर पाय आपोआप जमिनीवरून उचलला जात होता. टाच टेकलेली, चवडा वर, अगदी सावकाश. दातओठ खाऊन एकदा उचलला होता तसाच. मी काही ठरवलं नव्हतं. मला गाण्यातलं काही कळत नाही हे मी जन्मभर सांगत आले आहे, आणि ते खरंच आहे. पण माझ्या पायाला कळलं होतं.

"अहो, बसा," मी म्हटलं. "हा तर पूल."

मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असलेली बाई मी. तिकडे गाणाऱ्या बाई नेमक्या श्वास घ्यायला थांबल्या होत्या. माझं वाक्य पार पहिल्या रांगेपर्यंत गेलं.

माना वळल्या. मिटलेले डोळे उघडले. एखाद-दुसरा नव्हे, चांगले दोन्ही. हे अर्धवट उभे होते ते तसेच गोठले, ना बसता येई ना जाता येई. आणि पहिल्या रांगेतून एक बाई सबंध वळून आमच्याकडे बघायला लागल्या. आखूड केस, आता पांढरे. कडक इस्त्री. ह्यांनी त्यांना माझ्या आधी ओळखलं.

"बँकेतल्या मॅडम," हे पुटपुटले. ह्यांच्या आवाजात सगळं संपल्यासारखं होतं.

मी बाह्या सरसावूनच बसले. आता ही काही बोलली तर मी गप्प बसणार नव्हते, गाणं चालू असो की नसो. पण मॅडम बोलल्या नाहीत. त्यांनी आपला डावा हात वर केला, पंजा पालथा धरला, आणि हळूहळू, अगदी हळूहळू वर उचलला. मग समोर वळल्या.

हे खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. बाई खालून फिरत फिरत, चाचपत, मागे येत वर चालल्या होत्या. मीही वाट बघत होते. त्या वरच्या सुरावर पोचल्या तेव्हा ह्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो मी धरला की ह्यांनी, ते मला सांगता येणार नाही.

मध्यंतरात मॅडम थेट शेवटच्या रांगेत आल्या. हे उठून उभे राहिले, जणू मालकांसमोर. मॅडमनी जे सांगितलं ते असं. तक्रार केली तेव्हा त्यांना खरंच झोप येईल असं वाटलं होतं. मामांनी गाणं बंद केलं आणि गाडी फार रिकामी वाटायला लागली, पण आपणच बंद करायला लावलेलं पुन्हा लावा कसं म्हणायचं? लायसन्स मिळाल्यावर त्या दुकानात गेल्या. नाव ठाऊक नव्हतं. "पुलावरचं गाणं द्या," म्हणाल्या. दुकानदार हसला. मग त्या अंदाजाने एकेक गाणं घेत गेल्या आणि ऐकत गेल्या, पूल काही सापडेना. ऐकता ऐकता बाकीचीही आवडत गेली. आता कुठेही गाणं असलं की जातात. कधीकधी त्यांनाही डुलकी लागते, छान लागते.

"आज सापडलं," मॅडम म्हणाल्या. "मला खात्री नव्हती. मामींनी सांगितलं म्हणून बरं झालं."

त्यांच्या शेजारी बसणारे एक शाल पांघरलेले गृहस्थ मागून आले होते. त्यांनी आपण होऊन त्या गाण्याचं खरं नाव सांगितलं, चांगलं प्रेमाने सांगितलं. ह्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोनदा म्हणून पाहिलं. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, आमच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे चला. हे मागे सरकले. पुढे नको, इथूनच चांगलं ऐकू येतं, दार जवळ आहे, काहीबाही कारणं द्यायला लागले. मग मान खाली घालून म्हणाले की मॅडम, मला त्यातलं काही कळत नाही.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "पुढे बसायला लायसन्स लागत नाही."

हे हसले. किती दिवसांनी असे हसले, पोटापासून. आम्ही पुढे जाऊन बसलो. उत्तरार्धात बाईंनी एक जलद गाणं घेतलं. ते मंडईचं नव्हतं, पण मंडईच्या शेजारचं नक्की असावं. मधेच ह्यांच्या तोंडून मोठ्याने "वा" निघून गेलं. बरोबर जागी निघालं की चुकीच्या, मला विचारू नका. तबलजीने मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं आणि हसत हसत आणखी जोरात वाजवायला घेतलं.

बाहेर आलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. ह्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, काही शोधत असतील म्हणून धरायला दिली. पण हे सरळ दुसऱ्या बाजूने जाऊन आपल्या नेहमीच्या जागेवर, त्या दुसऱ्या क्लच-ब्रेकसमोर बसले. म्हणाले, तू घे.

लायसन्स माझ्याकडे होतं, पण ह्यांच्या शेजारी बसून गाडी चालवायची म्हणजे दर वळणावर परीक्षा. मी म्हटलं, आज काही खैर नाही. पुलाच्या चढावर नेहमीप्रमाणे सिग्नल लागला. मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला, अगदी चिकटून. हिरवा दिवा लागायच्या आधीच त्याने हॉर्न सुरू केला. मी ह्यांच्या पायाकडे नजर टाकली, कारण गाडी मागे सरकली तर तो पाय आहे ह्याचाच मला भरवसा असतो.

ब्रेकवर पाय नव्हता. ह्यांनी चपला काढल्या होत्या आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. डोळे मिटलेले. आणि हे गात होते. ह्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, दाढ बरी म्हणावी. पण खालून सुरू करून ते हळूहळू वर निघाले होते.

दिवा हिरवा झाला. टेम्पोवाला हॉर्न वाजवतच होता. मी ह्यांना वरच्या सुरावर पोचू दिलं, आणि मग क्लच सोडला.